आनंदीबाईंचें अनाम दुखणें

बारामती-इंदापूर भागांत ऐन उमेदीच्या वयांतील एखादें मूल महिनोन्महिने अंथरुणास खिळलें, आणि दुखण्याचें नांवच कोणास सांगतां येईना, कीं त्या घराची जी अवस्था होते ती वाचकांपैकीं पुष्कळांनीं जवळून पाहिली असेल. वैद्य पित्त म्हणतो, डॉक्टर अशक्तपणा म्हणतो, शेजारीण दृष्ट म्हणते. आणि एखादा शहाणा ‘अभ्यासाचा कंटाळा’ असें निदान सांगून निघून जातो. आज बारामतीस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, पुणें कांहीं तासांच्या वाटेवर आहे. तरीही हें संकट सर्वस्वीं टळलेलें नाहीं. मग ज्या काळीं यांपैकीं कांहींच नव्हतें, त्या काळीं अशा घरानें कोणाचें दार ठोठवावें? डॉ. आनंदीबाई जोशी यांचें चरित्र सर्वांच्या परिचयाचें आहे. तें आम्ही येथें केवळ या बाजूनें पाहूं इच्छितों.

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ चा. नवव्या वर्षीं त्यांचें लग्न टपालखात्यांतील गोपाळराव जोशी यांच्याशीं झालें. चौदाव्या वर्षीं मुलगा झाला आणि तो दहा दिवसांत गेला. योग्य उपचार मिळते तर मूल वांचतें, या रुखरुखींतून वैद्यक शिकण्याचा विचार निघाला, हें वाचकांस ठाऊक आहे. परंतु त्या अल्पवयी मातेच्या शरीराचें पुढें काय झालें, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

गोपाळरावांची बदली बंगालकडे झाली आणि कलकत्त्यास बाईंची प्रकृति ढासळूं लागली. सतत डोकें दुखावें, शक्ति गेल्यासारखें वाटावें, मधून मधून ताप यावा, केव्हां केव्हां दम लागावा. वय सोळा-सतरा. यांतील प्रत्येक लक्षण दहा रोगांत सांपडतें, आणि सर्व मिळून एकाच रोगाकडे बोट दाखवितात असेंही नाहीं.

अमेरिकेंतील न्यू जर्सी संस्थानांत रोझेल गांवीं थिओडिशिया कार्पेंटर नांवाच्या बाई राहत असत. दंतवैद्याकडे खोळंबल्या असतां त्यांनीं एका मिशनरी मासिकांत गोपाळरावांचें पत्र वाचलें, आणि पत्नीस शिकविण्याची ही धडपड पाहून आपण होऊन पत्र धाडलें. त्यांतून असा स्नेह जुळला कीं आनंदीबाई त्यांस मावशी मानूं लागल्या. या मावशींनीं अमेरिकेहून औषधें पाठविलीं! नाडी पाहिलेली नाहीं, छाती तपासलेली नाहीं. पत्रांतील ओळींवरून औषध निवडावयाचें, तें बोटीनें यावयास कित्येक आठवडे, आणि तोंवर दुखण्याचें रूप पालटलेलें. गुण आला नाहीं. याला हंसणें सोपें आहे. पण घरांतील मूल झिजत असतां ज्यांनीं कधीं गांवोगांव फाइली मिरविल्या आहेत, ते हंसणार नाहींत.

काळाचा योगायोग मात्र चमत्कारिक. बंगालच्या हवेंत अशा तापास हिंवतापाचा संशय स्वाभाविक; पुढें क्षयानें बाईंचा अंत झाला म्हणून क्षयाचाही. हिंवतापाचे जंतु लाव्हरां यांनीं अल्जीरियांत इ. स. १८८० मध्यें पाहिले. क्षयाचे जंतु सांपडल्याचें कॉख यांनीं बर्लिनमध्यें २४ मार्च १८८२ रोजीं जाहीर केलें. त्या दिवशीं आनंदीबाईंना सतरावें वर्ष पुरें होण्यास आठवडाच उरला होता. परंतु कारण सांपडलें म्हणजे उपाय सांपडला असें नव्हे. छातीचें चित्र दाखविणारे क्ष-किरण इ. स. १८९५ मध्यें आले, आणि क्षयावर चालणारें स्ट्रेप्टोमायसिन इ. स. १९४३ मध्यें, तेंही न्यू जर्सींतच, मावशींच्या रोझेलपासून फार दूर नाहीं अशा न्यू ब्रन्सविक गांवीं.

मग कलकत्त्याचें दुखणें क्षयच होतें काय? तसें ठामपणें म्हणणें आम्हांस उतावीळपणाचें वाटतें. क्षय वर्षानुवर्षें शरीरांत दबा धरून राहतो हें खरें. परंतु कोवळ्या वयांतील बाळंतपण, रक्तक्षीणता, हिंवताप यांपैकीं कशानेंही तीं लक्षणें उत्पन्न होऊं शकतात. मात्र याच्या उलट जो समज आहे, कीं परदेशची थंडी व परकें अन्न यांनींच बाईंचा घात केला, तो आम्हांस अधिक अन्यायाचा वाटतो. थंडीनें व आहारानें त्यांच्या प्रकृतीवर ताण पडला यांत शंका नाहीं. पण ‘समुद्र ओलांडला म्हणून गेली’ असें म्हणावयाचें तर, बोटींत बसण्यापूर्वींच ती मुलगी आजारी होती ही गोष्ट गाळावी लागते.

आणि ही गोष्ट त्यांस स्वतःस ठाऊक होती. २४ फेब्रुवारी १८८३ रोजीं हुगळीकांठच्या श्रीरामपूर येथील कॉलेजांत केलेल्या भाषणांत, या देशांतील स्त्रियांस स्त्री-डॉक्टरांची किती गरज आहे हें त्यांनीं सांगितलें. पुरुषापुढें दुखणें उघड करण्याचा संकोच ज्या काळीं बायकांच्या जिवावर बेतत असे, त्या काळचें हें भाषण आहे. आणि बोलणारी स्वतः निदानाची वाट पाहणारी रुग्ण होती. प्रकृति नीट नसतां पत्नीस एकटीस पाठविणाऱ्या गोपाळरावांस कोणी हेकट म्हणेल, कोणी दूरदर्शी. आम्हांस त्यांच्या हट्टापेक्षां बाईंचा निर्धार मोठा दिसतो.

एप्रिलमध्यें त्या कलकत्त्याहून निघाल्या आणि जूनमध्यें न्यूयॉर्कला पोहोंचल्या. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी त्यांस ११ मार्च १८८६ रोजीं मिळाली. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयांत स्त्रियांच्या विभागावर नेमणूकही झाली. पण तेथें रोगी तपासण्याचा योग आला नाहीं. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यास त्यांचें देहावसान झालें. बावीस वर्षें पुरीं होण्यास महिनाभर अवकाश होता. त्यांच्या अस्थि गोपाळरावांनीं कार्पेंटरबाईंकडे अमेरिकेस पाठविल्या, आणि बाईंनीं त्या न्यूयॉर्क संस्थानांतील पुकिप्सी येथें आपल्या कुटुंबाच्या दफनभूमींत ठेविल्या.