धुरातला घुमट : एक छायाचित्र, दोन मथळे

१/
२९ डिसेंबर १९४०, रविवारची रात्र. लंडनमधील एका वृत्तपत्राच्या इमारतीच्या छतावर उभा राहून एक छायाचित्रकार धूर विरळ होण्याची वाट पाहत होता. त्या रात्री त्याने टिपलेले सेंट पॉल्स कॅथीड्रलचे चित्र ब्रिटिशांच्या अभेद्यतेचे प्रतीक ठरले. काही आठवड्यांतच तेच चित्र जर्मनांनी आपल्या यशाचा पुरावा म्हणून छापले. हे कसे घडले? #थ्रेड

२/
प्रथम प्रकाशाचा प्रश्न. १ सप्टेंबर १९३९ पासून ब्रिटनमध्ये ‘ब्लॅकआउट’ लागू होता. रस्त्यांवरील दिवे बंद, खिडक्यांना काळे पडदे. शत्रूच्या वैमानिकाला शहर दिसू नये, हा त्यामागील हेतू. अशा शहरात रात्री एखाद्या वास्तूचे छायाचित्र घेणे जवळजवळ अशक्यच होते. त्या रात्री मात्र प्रकाश होता आणि तो हल्लेखोरांनीच लावलेल्या आगीचा होता.

३/
संध्याकाळी सहानंतर आगलाव्या बॉम्बचा वर्षाव सुरू झाला. हे बॉम्ब आकाराने लहान, वजनाने साधारण एक किलोचे. पडताच कोणी वाळू टाकली तर विझणारे. पण नाताळानंतरचा रविवार असल्याने ‘सिटी’ या जुन्या व्यापारी भागातील कचेऱ्या आणि वखारी कुलूपबंद होत्या. वेळीच धावून जाण्यास माणसे नव्हती. त्यात पाण्याचे नळ फुटले आणि थेम्सला ओहोटी लागल्याने नदीतून पाणी उपसणेही कठीण झाले. लहान लहान आगी एकमेकींत मिसळत गेल्या.

४/
या आगीच्या मधोमध सेंट पॉल्स उभे होते. १६६६ च्या महाभयंकर आगीत जुने कॅथीड्रल नष्ट झाल्यावर वास्तुविशारद ख्रिस्टोफर रेन याने नवे उभारले. १६७५ मध्ये सुरू झालेले काम १७१० च्या सुमारास पूर्ण झाले. बाहेरून दगडी वाटणारा त्याचा घुमट प्रत्यक्षात लाकडी सांगाड्यावर शिशाचे पत्रे मढवून बनवलेला आहे. त्या लाकडाला आग लागती, तर ती आवरणे फार कठीण होते.

५/
म्हणूनच ‘सेंट पॉल्स वॉच’ हे स्वयंसेवकांचे पथक रोज रात्री पहारा देत असे. त्याचे प्रमुख कॅथीड्रलचे वास्तुतज्ज्ञ गॉडफ्रे ॲलन. पथकात अनेक वास्तुविशारद होते, कारण त्यांना इमारतीचे अरुंद जिने आणि आडवाटा नकाशावरून उमगत असत. त्या रात्री एक बॉम्ब घुमटाच्या शिशात रुतला. शिसे वितळू लागले. मग तो आपोआप सुटून खालच्या दगडी सज्जात पडला आणि तेथे विझवला गेला. घुमट वाचला तो पहारेकऱ्यांच्या चिकाटीमुळे आणि काही अंशी नशिबामुळेही.

६/
छतावरचा छायाचित्रकार होता ‘डेली मेल’चा हर्बर्ट मेसन. समोर धुराचे लोट, त्यांतून घुमट मधूनच दिसे आणि पुन्हा लुप्त होई. मेसन बराच वेळ थांबला. वाऱ्याने धूर बाजूला सारला, घुमटावरील क्रॉस उजळून दिसला आणि त्याने कळ दाबली.

७/
सेन्सॉरची परवानगी मिळून ३१ डिसेंबरला हे छायाचित्र ‘डेली मेल’च्या पहिल्या पानावर झळकले. युद्धातील सर्वश्रेष्ठ छायाचित्र असा त्याचा गौरव करण्यात आला. जळत्या शहरात कॅथीड्रल अभंग उभे आहे, हा मथळ्याचा आशय होता.

८/
जानेवारी १९४१ मध्ये बर्लिनच्या एका प्रमुख सचित्र साप्ताहिकाने तेच चित्र मुखपृष्ठावर छापले. आता मथळ्याचा आशय होता : लंडनची ‘सिटी’ जळत आहे. लंडनच्या वाचकाने वर घुमटाकडे पाहायचे होते, बर्लिनच्या वाचकाने खाली भकास झालेल्या घरांकडे. दोन्ही गोष्टी चित्रात होत्या आणि दोन्ही खऱ्या होत्या.

९/
मग चित्रात काय नव्हते? कॅथीड्रल खरे तर अभंग नव्हते. ऑक्टोबर १९४० मध्येच एक बॉम्ब छत फोडून मुख्य वेदीवर कोसळला होता. मेसनच्या कोनातून ते भगदाड दिसत नाही. छपाईपूर्वी चित्रावर बरेच रिटचिंगही झाले होते. त्या काळच्या वृत्तपत्रांत ही नित्याची बाब होती. शेजारचा पॅटरनॉस्टर रो हा पुस्तक व्यवसायाचा रस्ता लाखो पुस्तकांसह भस्मसात झाला. १६० हून अधिक नागरिक मृत्युमुखी पडले, आगीशी झुंजणारे जवानही गेले. यांतले कोणीच त्या चौकटीत नाही.

१०/
या आगीतून सरकारने धडा घेतला. जानेवारी १९४१ मध्ये इमारतींवर आगीचा पहारा सक्तीचा करण्याची पावले उचलली गेली. सेंट पॉल्सपाशी पहारेकरी होते, शेजारच्या कुलूपबंद इमारतींत नव्हते. त्या रात्रीच्या विध्वंसाचे एक मोठे कारण एवढे साधे होते. ते ना लंडनच्या मथळ्यात आले, ना बर्लिनच्या.

११/
इतिहासाच्या अभ्यासकाला मेसनचे चित्र खोटे ठरवण्याची गरज नाही. ते त्या रात्रीचे अस्सल साधन आहे. मात्र कोणतेही साधन वाचताना विचारायचे प्रश्न येथेही विचारावे लागतात. वास्तूवर पडलेला प्रकाश कुठून आला? चौकटीबाहेर काय राहिले? मथळा कोणी आणि कोणासाठी लिहिला? घुमटामागचा तो तेजस्वी धूर कुणाच्या तरी दुकानाचा, कुणाच्या तरी पुस्तकांचा होता, हे या प्रश्नांवाचून दिसत नाही.

(समाप्त)