असीरगडाची दारे आणि भेदनाची हत्यारे

असीरगड आज मध्य प्रदेशातील बऱ्हाणपूर जिल्ह्यात मोडतो. परंतु खानदेशाचा इतिहास त्याला वगळून लिहिता येत नाही. 'दख्खनची किल्ली' म्हणून प्रसिद्ध असलेल्या या गडाच्या पतनाच्या दोन कथा संगणक-सुरक्षेच्या संदर्भात पुन्हा वाचण्याजोग्या आहेत.

पहिली कथा फेरिस्त्याने सांगितली आहे. फारुकी सुलतान नसीरखानाने गडाचा धनी आसा अहीर याच्याकडे आपल्या जनान्यासाठी आश्रय मागितला. पालख्या वर गेल्या, दरवाजे आतून उघडले गेले, आणि पालख्यांतून सशस्त्र सैनिक बाहेर पडले. दुसरी कथा अकबराची. १६०० साली वेढा पडला आणि जानेवारी १६०१ मध्ये गड मोगलांच्या हाती आला. अबुल फजल गडावरील रोगराईकडे बोट दाखवतो. जेझुइट पाद्र्यांचा वृत्तान्त मात्र सरदारांना चारलेल्या सोन्याविषयी बोलतो. १८१९ साली इंग्रजांनी तोफा लावून हाच गड घेतला, हे खरे. पण आधीच्या दोन्ही कथांत तटाची जाडी निरुपयोगी ठरली.

'पेनिट्रेशन टेस्टिंग' म्हणजे मालकाच्या संमतीने, हल्लेखोराच्या नजरेने यंत्रणा पारखणे. ही कल्पना जुनी आहे. १९७२ साली जेम्स अँडरसन यांनी अमेरिकी हवाई दलासाठी लिहिलेल्या अहवालात तिची चर्चा आढळते. पुढे हत्यारे आली. १९९७ साली आलेले 'एनमॅप' संगणकाची कोणती दारे उघडी आहेत हे सांगते. ही तटाभोवतीची फेरी होय. वेबचा प्रसार झाल्यावर केवळ फेरी पुरेनाशी झाली, कारण संकेतस्थळाचा दरवाजा सर्वांसाठी उघडाच असतो. २००१ साली 'ओवास्प' ही संस्था स्थापन झाली. 'बर्प सूट' आणि २०१० साली आलेले 'झॅप' ही हत्यारे ब्राउझर व सर्व्हर यांच्यामध्ये बसतात आणि येणारा-जाणारा प्रत्येक निरोप थांबवून, वाचून, हवा तर बदलून पुढे पाठवतात. 'झॅप' मोफत व मुक्तस्रोत आहे. 'बर्प'ची एक आवृत्ती मोफत आहे, अधिक सोयींची विकत मिळते.

मग निवड कशाच्या आधारे करावी? आमच्या मते, गड कोणत्या दाराने पडेल याचा विचार आधी, हत्याराचा नंतर. ब्राउझरच्या बाबतीत भीती पालख्यांची असते. अभिप्रायाच्या चौकटीत कोणी मजकुराऐवजी छुपा प्रोग्रॅम लिहिला आणि संकेतस्थळाने तो तसाच दाखवला, तर वाचकाचा ब्राउझर तो विश्वासाने चालवतो. अशा जागा शोधण्यास स्वयंचलित तपासणीची बरीच मदत होते.

एपीआयची, म्हणजे दोन प्रोग्रॅमांमधील देवाणघेवाणीच्या खिडकीची, गोष्ट निराळी. एखाद्या महाविद्यालयाचे निकालाचे संकेतस्थळ घ्या. विद्यार्थिनी आपल्या पासवर्डने आत शिरते आणि १०१ क्रमांकाची गुणपत्रिका मागते. तिने निरोपात १०२ लिहिले आणि दुसऱ्याची पत्रिका मिळाली, तर पहारेकऱ्याने शिक्का पाहिला, पण ही खोली हिची आहे का, हे विचारले नाही. ओवास्पच्या एपीआयविषयक यादीत २०१९ आणि २०२३ या दोन्ही वर्षी हाच दोष पहिल्या स्थानी आहे. उत्तर व्यवस्थित आले, म्हणून यंत्र समाधानी राहते. ती पत्रिका कोणाची, हे त्याला आपण सांगितल्याशिवाय कळत नाही. येथे दोन खाती उघडून, एकाच्या नावाने दुसऱ्याचे कागद मागून पाहणारा जागरूक माणूसच लागतो. प्रॉक्सी त्याचे हत्यार, प्रश्न त्याचाच.

हा विषय आपल्यापासून दूर नाही. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. एटीएमचे निरोप बँकेच्या मुख्य प्रणालीपर्यंत पोहोचण्याऐवजी एका बनावट यंत्रणेकडे वळवले गेले आणि तिने मागेल त्याला होकार दिला. पहाऱ्यावर तोतया बसला होता. सहकारी बँका आणि पतसंस्थांवर ज्यांची आयुष्यभराची बचत विसंबून आहे, त्या जळगाव-धुळ्याच्या माणसांनी ही घटना परकी मानू नये.

शेवटी संमतीचा मुद्दा. शिरपूर तालुक्यात तापीकाठी थाळनेरचा किल्ला आहे. २७ फेब्रुवारी १८१८ रोजी सर थॉमस हिस्लॉपचे सैन्य तेथे आले. किल्लेदार तुळशीराम मामा बाहेर येऊन स्वाधीन झाला. परंतु शरणागतीविषयी आतल्या शिबंदीची आणि इंग्रजांची समजूत एक नव्हती. दिंडीतून आत शिरलेले इंग्रज अधिकारी मारले गेले. मग शिबंदीची कत्तल झाली आणि किल्लेदाराला फाशी देण्यात आली. कोणी, कोठवर, कोणत्या अटींवर आत यायचे, हे आधी न ठरल्याची ती किंमत होती. भेदन-चाचणीतही हे लेखी ठरावेच लागते. परवानगीविना दुसऱ्याच्या यंत्रणेत शिरणे हे २०००च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ४३व्या कलमाच्या कक्षेत येते, मग हेतू कितीही शुद्ध असो.

'झॅप' कोणालाही फुकट मिळते, चोरालाही. परीक्षकाला चोरापासून वेगळे करणारा तो परवानगीचा कागद आमच्या महाविद्यालयांनी आणि पतसंस्थांनी अजून किती जणांच्या हाती दिला आहे?