नहपानाचं नाणं आणि एका आईचा शिलालेख

भांडुपहून ठाण्यापर्यंत लोकल आणि पुढे नाशिकची गाडी.. असा एक शनिवार सत्कारणी लावला. पांडवलेणी बघायची होती. डोक्यात मात्र रोम होतं, कारण आठवडाभर ऑगस्टसबद्दल वाचत होतो.

इसवी सन १४ मध्ये ऑगस्टस वारला. आपण काय काय केलं याची यादी त्याने स्वतःच लिहून ठेवली होती, ती त्याच्या समाधीपुढे ब्राँझच्या पत्र्यांवर कोरली गेली. रोममधले पत्रे गेले, पण अंकारातल्या देवळाच्या भिंतीवर त्याची लॅटिन आणि ग्रीक प्रत टिकली. ८२ देवळं दुरुस्त केली, इतके पैसे वाटले, वगैरे. अगदी सेल्फ अप्रेजलच म्हणा ना! गंमत म्हणजे ज्याला हरवून हा सम्राट झाला, त्या अँटनीचं नाव त्यात कुठेच नाही.

आता नाशिक. त्यानंतर शंभरेक वर्षांनी इथे सातवाहन आणि क्षहरात क्षत्रप यांची झुंज चालू होती. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाला हरवलं. पुढे काय केलं? १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला चांदीच्या १३ हजारांहून जास्त नाण्यांचा साठा सापडला. सगळी नहपानाची, पण त्यातल्या ९ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा मारलेला. चक्क ओव्हरराइट!

नाणी वितळवून नवी पाडता आली असती की. पण ठसा मारणं स्वस्त, आणि दुसरं म्हणजे वितळवलेल्या नाण्यातून कोणालाच काही कळत नाही. ठशाखाली जुना राजा अर्धवट दिसत राहतो. बाजारात ते नाणं हातात घेणार्‍या प्रत्येकाला, वाचता येत नसलं तरी, कळतं की मालक बदलला. रोममध्येही इ.स. ९६ मध्ये डोमिशियनचा खून झाल्यावर सिनेटने त्याचं नाव शिलालेखांवरून खोडायला लावलं होतं.

पण लेण्यांत वेगळंच दिसतं. १० नंबरचं लेणं नहपानाचा जावई उषवदात याचं. त्याने विणकरांच्या श्रेणींकडे ३००० कार्षापण ठेव ठेवली, २००० दरमहा एक टक्क्याने, १००० पाऊण टक्क्याने. थोडक्यात एफडी! व्याजातून भिक्षूंचा खर्च. हा लेख कोणी खोडला नाही. उलट सातवाहनांच्या ३ नंबरच्या लेण्याचे खांब थेट त्याच वळणाचे. शत्रूचा पैसा पुसला, शत्रूची दानत मात्र कॉपी केली. कारण राजा म्हणून मान्यता हवी तर दान करताना दिसावं लागतं, जिंकणारा कोणीही असो.

३ नंबरच्या लेण्यातला मोठा लेख गौतमीपुत्राची आई, गौतमी बलश्री हिचा. नातू पुळुमावीच्या कारकिर्दीच्या १९व्या वर्षी कोरलेला. मुलाने क्षहरातांचा वंश संपवला, सातवाहनांचं यश परत आणलं, त्याची घोडी तीन समुद्रांचं पाणी प्यायली, तो राम-अर्जुनासारखा पराक्रमी होता. इथेही नहपानाचं नाव नाही, फक्त कुळ. म्हणजे रोमचाच फॉर्म्युला?

तसं वाटलं खरं, पण त्याच यादीत मध्येच येतं की तो आईची अखंड सेवा करणारा होता. तिथे मी थबकलो. ऑगस्टसने स्वतःचं स्वतः लिहिलं. इथे मुलगा गेल्यावर आई लिहवून घेते आहे. हा प्रचार आहेच, नातवाच्या गादीसाठी तो उपयोगीही होता. पण प्रचार आहे म्हणून त्यातलं दुःख खोटं ठरत नाही. आपण शाळेत फक्त 'विजय' शिकलो, हे कोणी सांगितलंच नाही.

परत येताना भांडुपला उतरलो तेव्हा मागचा डोंगर काळा झाला होता. त्याच्या पलीकडे कान्हेरी. तिथे कल्याण-सोपार्‍याच्या साध्या व्यापार्‍यांनीही पाण्याच्या टाक्या दान करून आपली नावं कोरली आहेत. त्यांच्यावर कोणी ठसा मारला नाही. असो, पुढचा शनिवार तिकडे.