ओवीचे ध्वनिमुद्रण आणि भाणकपरंपरा

माहूरच्या रेणुकेला आवाहन करून उभा राहणारा गोंधळ रात्रभर चालतो. आधी संबळ-तुणतुण्याच्या साथीने देवदेवतांना बोलावणे, मग आख्यान, असा त्याचा क्रम. जुन्या ७८ फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस जेमतेम तीन मिनिटे मिळत. कॅसेटलाही तास-दीड तासाचीच मर्यादा. संकलन करणारा आवाहन ठेवतो, आख्यान गाळतो. आणि जे गाळले जाते ते पुढील पिढीच्या कानी पडत नाही.

म्हणूनच याच मराठवाड्यात, बीड जिल्ह्यातील माजलगाव येथे, १९९६ साली झालेले ध्वनिमुद्रण मोलाचे ठरते. हेमा राईरकर व गी पॉइटवां यांनी पुण्याहून चालविलेल्या प्रकल्पात जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमल्या. पुढे बर्नार्ड बेल यांच्या सहभागाने त्यांपैकी काहींचे ध्वनिमुद्रण झाले. माजलगावच्या भीमनगरातील स्त्रियांनी बुद्ध, धम्म, संघ, भीमराव व रमाबाई यांच्या ओव्या गायिल्या. २०१७ पासून ‘पारी’ या ग्रामीण संग्रहाने हे साहित्य गाणाऱ्यांच्या व गावांच्या नावांसह सर्वांपुढे ठेवले आहे.

नावासह, हे महत्त्वाचे. साने गुरुजींच्या ‘स्त्री जीवन’ने असंख्य ओव्या वाचविल्या, हे ऋण मोठेच, परंतु छापील ओवीत चाल नसते, दम घेण्याची जागा नसते, आणि बहुधा गाणारीही नसते.

पालि वाङ्मयाच्या अभ्यासकास हा प्रश्न परका नाही. संगीति म्हणजे एकत्र गायन, पठण. दीघभाणक, मज्झिमभाणक यांनी बुद्धवचन शतकानुशतके कंठात सांभाळले, इ. स. पूर्व पहिल्या शतकात, वट्टगामणी राजाच्या काळी, ते सिंहलद्वीपात ग्रंथारूढ झाले. शब्द टिकले, भाणकांचे स्वर मात्र लिपीत उतरले नाहीत. तथापि संग्राहकांनी एक दक्षता घेतली: थेरीगाथेतील बहुतेक गाथा थेरींच्या नावावर आहेत. त्यांतील मुत्ता थेरी उखळ, मुसळ आणि कुबड्या पतीपासून सुटल्याचा आनंद सांगते. (दळणकांडणाचे ओझे वाहिलेल्या आमच्या आयाबहिणींना या गाथेवर भाष्याची गरज पडत नाही.)

विजेच्या गिरणीने ते ओझे उतरविले, हे इष्टच झाले. पण जात्याच्या फेऱ्यावर तोललेली ओवीची लयही त्याबरोबर घरातून गेली. माजलगावच्या फितीवर ती आहे. माहूर-किनवट भागातील विहारांत जुन्या ओव्या ठाऊक असलेल्या वृद्ध उपासिका असतील, तर त्यांचे गाणे पूर्ण लांबीचे, न कापता, आणि गाणारीचे व गावाचे नाव विचारून नोंदवावे. निवड नंतरही करता येईल.