सोललेलें कातडें : पुराणांत, इतिहासांत व कलेंत

घारापुरीला सहलीसाठीं जाणारी मंडळी लेण्यांत शिरली कीं, त्रिमूर्ति म्हणून प्रसिद्ध असलेल्या महेशमूर्तीपुढें स्तब्ध उभी राहते, आणि परतीच्या लाँचेची वेळ झाली म्हणून घाईघाईनें माघारी वळते. त्यामुळें त्याच लेण्यांतील अंधकासुरवधाचें शिल्प पुष्कळांचें पाहावयाचें राहून जातें. सहाव्या शतकांतील हें शिल्प कमरेखालीं पार फुटून गेलें आहे. तथापि वरच्या भागांतील आवेश अद्याप ओसरलेला नाहीं. शिवाचे डोळे वटारलेले, दांत ओठांबाहेर आलेले, एका हातांत खड्ग, दुसऱ्या हातांत रक्त झेलण्याचें पात्र; आणि या सर्वांच्या पाठीमागें, छतासारखें वर ताणून धरलेलें हत्तीचें कातडें. अंधकाच्या पक्षाचा एक असुर हत्तीचें रूप घेऊन चालून आला, त्याचा वध झाला व त्याचें कातडें शिवाच्या अंगावर आलें, अशी ती कथा.

या कातड्यावरूनच शंकराला ‘कृत्तिवास’ हें नांव पडलें. कृत्ति म्हणजे कातडें. तेंच ज्याचें वस्त्र तो कृत्तिवास. परंतु काशीखंडांत व शिवपुराणांत या नांवाची जी उपपत्ति दिली आहे ती घारापुरीच्या कथेहून निराळी आणि अधिक विचार करण्यासारखी आहे. तेथें गजासुर हा महिषासुराचा पुत्र. शिवाच्या त्रिशूलावर टोचला गेला असतां तो शरण येतो आणि मरतांना एवढेंच मागतो कीं, आपलें हें कातडें देवानें नित्य अंगावर धारण करावें आणि यापुढें कृत्तिवास हें नांव घ्यावें. शिव त्याला तसा वर देतो. जेत्यानें हिसकावलेली लूट या कथेंत मरणाऱ्यानें अर्पण केलेलें वस्त्र झाली आहे. हा फरक लहान नव्हे.

तरीहि ओल्या कातड्याची किळस ती किळसच, आणि आपल्या कवींनीं ती लपवून ठेविली नाहीं. ‘कुमारसंभवां’त ब्रह्मचाऱ्याच्या वेषानें आलेला शिव पार्वतीची परीक्षा पाहतांना हीच अडचण पुढें करतो. लग्नांत वधूवरांच्या वस्त्रांची गांठ मारावयाची. एकीकडे वधूचें हंसांच्या चित्रांचें रेशमी वस्त्र, दुसरीकडे रक्त गळत असलेलें हत्तीचें कातडें. ही गांठ शोभावी कशी? ‘मेघदूतां’त महाकालाच्या संध्यापूजेच्या वेळीं मेघानें सायंकाळची तांबूस प्रभा अंगावर घेऊन देवाच्या उंचावलेल्या हातांवर पसरावें, म्हणजे त्याची ओल्या गजचर्माची हौस भागेल व भवानीचें भय जाईल, अशी कालिदासाची योजना आहे. तामिळनाडूंतील वळुवूर येथील धातुमूर्तींतहि हेंच दिसतें. हत्तीच्या मस्तकावर पाय देऊन शिव अंग पिळवटून नाचत आहे, कातडें प्रभावळीसारखें भोंवतीं पसरलें आहे. आणि जवळच पार्वती कडेवरच्या स्कंदाला घेऊन बाजूला वळली आहे. देवाचा पराक्रम पाहूनहि आईनें मुलाला दूर न्यावें, ही गोष्ट मूर्तिकारानें मुद्दाम दाखविली आहे.

सोललेलें कातडें पांघरणारा देव केवळ भारतांतच आहे असें मात्र नाहीं. मेक्सिकोंतील अ‍ॅझटेक लोकांच्या शिपे तोतेक या देवाच्या नांवाचाच अर्थ ‘आमचा सोललेला स्वामी’ असा होतो. त्याच्या वसंतोत्सवांत बळी दिलेल्या माणसांचीं कातडीं अंगावर चढवून लोक वीस दिवस वावरत. त्याच्या मूर्ति ओळखणें सोपें आहे : ओठांच्या आंत दुसरे ओठ दिसतात आणि मनगटांपाशीं मृताच्या हातांचे पंजे रिकामे लोंबत असतात.

मराठींत कातड्यासंबंधीं दोन वाक्प्रचार घरोघर चालतात. एक पंतोजींच्या तोंडचा, पाठीचें सालटें काढण्याचा. दुसरा कृतज्ञ माणसाचा : आपल्या कातड्याचे जोडे करून पायांत घातले तरी उपकार फिटणार नाहींत, असें म्हणणाऱ्याचा. एकांत कातडें दुसरा काढून घेतो, दुसऱ्यांत तें माणूस आपण होऊन देतो. जगाच्या इतिहासांत व कलेंतहि या विषयाचे हेच दोन ओघ दिसतात. मात्र पहिला महापुरासारखा, आणि दुसरा अगदीं क्षीण.

पहिल्याचा उगम असीरियाच्या राजवाड्यांत पाहावा. दुसरा अशुरनासिरपाल (ख्रि. पू. ८८३ ते ८५९) याच्या शिलालेखांत बंडखोर सरदारांचीं कातडीं काढून तीं स्तंभावर व तटावर पसरल्याचें वर्णन राजाच्याच अभिमानी शब्दांत आहे. सेन्नाचेरिबानें ख्रि. पू. ७०१ मध्यें यहुदांचें लाखीश हें नगर जिंकलें. त्या प्रसंगाच्या शिल्पपट्ट्या निनेवेच्या राजवाड्यांतून निघाल्या व आज त्या लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्यें आहेत. त्यांत दोन माणसें उघडीं करून जमिनीवर ताणून बांधलेलीं आहेत आणि शिपाई त्यांचीं कातडीं काढीत आहेत. शिपायांच्या मुद्रेवर क्रोध नाहीं. शेतांतल्या गड्यांसारखे ते कामांत गढलेले आहेत. ज्या दालनांत हीं चित्रें होतीं तेथून जाणाऱ्या परकी वकिलाला काय समजावयाचें तें समजत असेल.

इराणच्या कंबायसीस राजाची जी हकीकत हिरोडोटसानें दिली आहे, तींत या शिक्षेला न्यायाचें रूप आलें आहे. सिसाम्नीस नांवाच्या न्यायाधीशानें लांच घेऊन खोटा निकाल दिला. राजानें त्याची कातडी सोलविली, तिच्या वाद्या कापून न्यायासन मढविलें, आणि त्या आसनावर मृताचाच मुलगा ओटानीस याला बसवून, कशावर बसून न्याय करीत आहोंत याचें स्मरण ठेवण्यास बजाविलें. ही कथा युरोपांतील नगरसभांना फार पटली. १४९८ मध्यें गेरार्ड डेव्हिड या चित्रकारानें ब्रूज शहराच्या नगरमंदिरासाठीं तिचीं दोन मोठीं चित्रें काढलीं. शहराचे पंच ज्या दालनांत निवाडा करीत, तेथेंच तीं लावण्यांत आलीं होतीं. पहिल्यांत राजा न्यायाधीशाचे अपराध बोटांवर मोजून दाखवीत आहे, आणि दूर मागें घराच्या दारांत पैशाची थैली हातांत पडत आहे. दुसऱ्यांत सिसाम्नीस मेजावर बांधलेला आहे. चौघेजण त्याला सोलीत आहेत. एकानें दोन्ही हात मोकळे राहावे म्हणून सुरी दांतांत धरली आहे. मेजाखालीं न्यायाधीशाचा तांबडा झगा पडला आहे. सभोंवार उभ्या असलेल्या प्रतिष्ठित नागरिकांपैकीं कोणाच्याहि चेहऱ्यावर सुरकुती उमटलेली नाहीं. वरच्या कोपऱ्यांत ओटानीस त्या आसनावर बसलेला दिसतो. लांचखाऊ न्यायाधीशाबद्दल कोणाला कळवळा येण्याचें कारण नाहीं, हें खरें. परंतु बापाच्या कातड्यावर बसलेल्या मुलाचा अपराध कोणता, हा प्रश्न हिरोडोटसाला पडला नाहीं, आणि ब्रूजच्या पंचांनाहि पडलेला दिसत नाहीं.

दक्षिणेच्या इतिहासालाहि या क्रौर्याचा स्पर्श झालेला आहे. गुलबर्ग्याकडील सगर येथील सुभेदार बहाउद्दीन गुर्शास्प हा महंमद तुघलकाचा आतेभाऊ. १३२६-२७ च्या सुमारास त्यानें बंड केलें. पराभव झाल्यावर तो कंपिलीच्या राजाच्या आश्रयास गेला. त्या राजानें आश्रिताला न सोडतां लढून प्राण दिला. द्वारसमुद्राच्या बल्लाळानें मात्र पाहुण्याला सुलतानाच्या हवालीं केलें. पुढें काय झालें तें इब्न बतूता या प्रवाशानें लिहून ठेविलें आहे. गुर्शास्पाला जिवंत सोलण्यांत आलें, कातड्यांत पेंढा भरण्यांत आला, आणि तें बुजगावणें प्रांतोप्रांतीं फिरविण्यांत आलें. तें मुलतानला पोंचलें, तेव्हां तेथील सुभेदार किश्लूखान यानें तें पुरून टाकण्याचा हुकूम दिला. हा किश्लूखान वृद्ध व मातबर. सुलतान त्याला काका म्हणत असे. परंतु या कृत्याबद्दल सुलतानानें त्याला बोलावणें पाठविलें. आपली काय गत होणार हें ओळखून त्यानें बंड पुकारलें आणि तो लढाईंत मारला गेला. बंडाचीं दुसरींहि कारणें असतील. सुभेदार केवळ दयेपोटीं उठत नाहींत. तरी देखील, ज्या दरबारांत कातडें पाहून मान लववावयाची, तेथें एकानें तें मातींत घातलें, एवढी नोंद त्या प्रवाशानें ठेविली आहे.

ग्रीक लोकांत या विषयाची मुख्य कथा मार्सियसची. अथीना देवीनें बासरीसारखें एक दुहेरी वाद्य बनविलें. परंतु वाजवितांना गाल फुगून तोंड विद्रूप दिसतें म्हणून तें फेंकून दिलें. मार्सियस नांवाच्या वनचर साटिराला तें सांपडलें. तो वाजवूं लागला आणि तयारी होतांच त्यानें प्रत्यक्ष अपोलोला आव्हान दिलें. जिंकेल त्यानें हरणाऱ्याचें वाटेल तें करावें, असा पण ठरला. पंच कोण, तर मूझा, म्हणजे अपोलोच्याच परिवारांतील देवता! त्यांतहि अपोलोनें आपली वीणा उलटी धरून वाजविली आणि प्रतिस्पर्ध्याला तसेंच करावयास सांगितलें. फुंकून वाजवावयाच्या वाद्याचें तें कसें व्हावें? मार्सियस हरला. देवानें त्याला झाडाला टांगून सोललें. त्याच्यासाठीं रडणाऱ्या वनवासी मंडळींच्या आसवांची नदी झाली, असें रोमन कवि ओव्हिड सांगतो. तें कातडें पुढें फ्रिजियांतील केलेनी या गांवीं, म्हणजे आजच्या तुर्कस्तानांतील दिनार येथें, दाखवीत असत. हिरोडोटसाच्या मतें तें बाजारांत टांगलेलें होतें, ख्रि. पू. ४०१ मध्यें सैन्याबरोबर त्या वाटेनें गेलेला झेनोफन तें नदीच्या उगमाजवळच्या गुहेंत होतें असें म्हणतो.

ग्रीक शिल्पकारानें या कथेंतला एक निराळाच क्षण निवडला. मार्सियस हात वर बांधून झाडाला टांगलेला आहे, शरीराची शीर न् शीर ताणली आहे. परंतु सुरी अद्याप लागलेली नाहीं. समोर एक नोकर उकिडवा बसून दगडावर पातें घांसीत आहे आणि मान वर करून त्याच्याकडे पाहत आहे. या नोकराचा पुतळा फ्लॉरेन्सच्या उफित्सी संग्रहालयांत आहे. जोडीदार पुतळ्यापासून वेगळा पडल्यामुळें, हा कोणी गुप्त कट ऐकणारा गुलाम असावा, असें लोक दीर्घकाळ समजत. ज्याच्यासाठीं सुरीला धार लावावयाची तो माणूस दृष्टीआड झाला कीं, सुरी हें किती निरुपद्रवी हत्यार होतें!

दुसरा ओघ, म्हणजे आपलें कातडें आपणच वाहणाऱ्याचा, युरोपांत संत बार्थोलोम्यूच्या रूपानें दिसतो. येशूच्या बारा शिष्यांपैकीं या शिष्याला आर्मेनियांत जिवंत सोलण्यांत आलें, अशी परंपरा आहे. चांभार व चामडें कमावणारे यांचा तो कैवारी संत झाला. हातांत सुरी ही त्याची खूण. मिलानच्या प्रधान मंदिरांत मार्को द’अग्राते यानें १५६२ मध्यें घडविलेला त्याचा पुतळा आहे. त्यांत संताच्या अंगावरचा एकेक स्नायु मोकळा दिसतो आणि कातडें खांद्यावरून उपरण्यासारखें घेतलेलें आहे. ही मूर्ति प्राक्सिटेलीसानें नव्हे तर आपण घडविली, असें शिल्पकारानें खालीं कोरून ठेविलें. दगडाच्या कामाला तोड नाहीं, परंतु भक्तीपेक्षां शरीरशास्त्राचीच आठवण अधिक होते. आणि त्यांत नवल नाहीं, कारण १५५६ मध्येंच व्हाल्व्हेर्दे या स्पॅनिश वैद्यानें रोममध्यें छापलेल्या ग्रंथांत एका हातांत सुरी व दुसऱ्या हातांत स्वतःचें कातडें धरून उभा असलेला माणूस दाखविला होता.

मायकेल अँजेलोचा बार्थोलोम्यू यांहून वेगळा आहे. रोममधील सिस्टाईन मंदिराच्या भिंतीवरील ‘अखेरचा निवाडा’ हें चित्र १५४१ मध्यें लोकांस खुलें झालें. त्यांत ख्रिस्ताच्या पायांशीं ढगावर बसलेला संत एका हातांत सुरी व दुसऱ्या हातांत आपलें रिकामें कातडें धरून आहे. संत टकल्या व दाढीचा. परंतु लोंबणाऱ्या कातड्यावरचा चेहरा त्याचा नाहीं. केस काळे, नाक चपटें, तोंड वेडेंवांकडें. तो चेहरा खुद्द चित्रकाराचा आहे, हें ला काव्हा या इटालियन डॉक्टरानें १९२५ मध्यें पुढें मांडलें आणि तें बहुतेकांना पटलें. पापपुण्याचा हिशेब चालला असतां या कारागिरानें स्वर्गांत किंवा नरकांत जागा न मागतां दुसऱ्याच्या हातांतील कातड्यावर आपली आकृति ठेवावी, हें लक्षांत राहणारें आहे. त्याच्या एका सुनीतांत, आपल्या कातड्याचें वस्त्र प्रिय व्यक्तीच्या अंगावर यावें किंवा आपण त्याच्या पायांतील वहाणा व्हावें, अशी इच्छा आहे. मराठींतील दुसरा वाक्प्रचार त्यानें ऐकला असता तर त्याला तो समजावून सांगावा लागला नसता.

यानंतर तीस वर्षांनीं ही शिक्षा दंतकथेंतून पुन्हां प्रत्यक्षांत आली. सायप्रसमधील फामागुस्ता हा व्हेनिसचा किल्ला जवळजवळ वर्षभर लढून १५७१ च्या ऑगस्टमध्यें तुर्कांच्या स्वाधीन झाला. सुखरूप जाऊं देण्याचें वचन मोडून मुस्तफा पाशानें किल्लेदार मार्कांतोनिओ ब्रागादिन याला जिवंत सोलविलें. कातड्यांत पेंढा भरून तें इस्तंबूलला नेण्यांत आलें. तेथून १५८० मध्यें तें कोणी चोरून व्हेनिसला पोंचविलें. तेथील सान जोव्हान्नी ए पाओलो या मंदिरांत किल्लेदाराच्या स्मारकांतील कोनाडा १९६१ मध्यें उघडला, तेव्हां शिशाच्या पेटींत कातड्याचे तुकडे मिळाले.

त्याच काळांत व्हेनिसमध्यें नव्वदीकडे झुकलेला टिशियन आपल्या शेवटच्या चित्रांपैकीं एक रंगवीत होता. त्यानें विषय घेतला मार्सियसचाच. फामागुस्ताच्या वार्तेचा त्यावर परिणाम झाला असावा, असें कांहीं विद्वानांस वाटतें. तें चित्र आज झेक प्रजासत्ताकांतील क्रोम्येर्झीश येथील आर्चबिशपच्या वाड्यांत आहे. मार्सियस बकऱ्यासारखा उलटा टांगला आहे; त्याचा चेहरा पाहणाऱ्याच्या अगदीं समोर येतो. गुडघे टेकून बसलेला अपोलो हलक्या हातानें सुरी फिरवीत आहे. वर एकजण तंतुवाद्य वाजवीत आहे. जमिनीवर सांडलेलें रक्त एक लहानसें कुत्रें चाटीत आहे. उजवीकडे मायडस राजा बसला आहे. तोच तो मायडस, ज्यानें दुसऱ्या एका सामन्यांत अपोलोविरुद्ध मत दिलें म्हणून त्याला गाढवाचे कान फुटले होते. त्याच्या मुद्रेंत टिशियनचीच चेहरेपट्टी अनेकांना ओळखूं येते. ब्रूजच्या चित्रांतल्या नागरिकांसारखा तो ताठ उभा नाहीं, आणि वळुवूरच्या पार्वतीसारखी त्यानें पाठहि फिरविलेली नाहीं. तोंडापाशीं हात नेऊन तो वृद्ध गृहस्थ पाहत बसला आहे.