दात, वय आणि सांधा

मंडळी, आज आपण एका साध्या कृतीचा इतिहास बघू. जनावराचा ओठ वर करायचा आणि दात बघायचे. पुसेगावच्या सेवागिरी यात्रेत, खरसुंडीच्या बाजारात हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

सहाव्या शतकात वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त दातांवरून घोड्याचं वय ओळखण्याची रीत दिली. पुढे सातारा छत्रपतींची राजधानी झाली, तेव्हा घोड्याचा पाय हा जगण्याचा प्रश्न होता. बारगिराचा घोडा सरकारी, शिलेदाराचा स्वतःचा. तो कायमचा लंगडला तर शिलेदारीच धोक्यात. तेव्हा कोवळं शिंगरू लवकर राबवणं परवडणारं नव्हतं.

नैयायिकांच्या भाषेत सांगायचं तर दात हा धूर आणि वय हा अग्नी. सांधा मात्र अनुमानाच्या आणखी एक पायरी पुढे. घोड्याला पहिले दोन कायमचे दात साधारण अडीच वर्षांना येतात. पुढच्या गुडघ्याच्या वर, हाडाच्या टोकाशी कूर्चेची वाढपट्टी असते, ती जवळपास तेव्हाच भरते. मणक्यांना पाच वर्षं लागतात. भारी खुराकावर शिंगरू झपाट्याने वाढवलं, तर कधी सांध्यातली कूर्चा नीट हाड बनत नाही. तिचा कपचा सुटतो, सांधा सुजतो. अर्थात, खुंट्याला बांधून ठेवणं हाही उपाय नव्हे. मोकळं हुंदडल्याशिवाय हाड घट्ट होत नाही.

इंग्रजांनी वय कॅलेंडरवर नेलं. न्यूमार्केटला १७८६ पासून दोन वर्षांच्या घोड्यांची 'जुलै स्टेक्स' शर्यत होते. भारतात शर्यतीचे सगळे घोडे १ जानेवारीला एक वर्षाने मोठे होतात. उशिरा जन्मलेल्याचं हाड काही त्या दिवशी मोठं होत नाही!

आता आपल्याकडे या. १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने बैलगाडा शर्यतींचा कायदा वैध ठरवला. सातारा-सांगलीच्या मैदानांवर गट असतात: आदत, दुसा, चौसा. आदत म्हणजे दुधाचे दात अजून न पडलेला. बैल आणि घोडा वेगळे, पण कोवळ्या हाडाचा नियम दोघांना सारखाच. पूर्वी घरातला म्हातारा म्हणायचा, "आदत हाय, जुपू नगा." आज त्याच शब्दाने शर्यतीचं नाव नोंदवतात. शब्द टिकला, बघा. त्यातली मनाई गेली.

कायद्याने शर्यतीला परवानगी दिली. कोणत्या वयाचं जनावर पळवायचं, हे आपणच ठरवायचंय. इथं थांबतो.