अनुच्छेद ३५०-अ

भारतीय संविधानाचा अनुच्छेद ३५०-अ हा भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी पुरविण्याबाबत आहे. राज्य पुनर्रचना आयोगाच्या शिफारशीनंतर १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने तो समाविष्ट झाला. त्यासाठी राष्ट्रपती राज्यांना निर्देश देऊ शकतात. तत्पूर्वी, १९४९ च्या प्रांतिक शिक्षणमंत्री परिषदेने शाळेत ४० किंवा वर्गात १० विद्यार्थी असल्यास मातृभाषेतून शिकविणारा शिक्षक नेमावा, असे ठरविले होते. कर्नाटकातील बेळगाव परिसरातील मराठी शाळांचा प्रश्न याच तरतुदीशी निगडित आहे. मात्र कमी पटसंख्येमुळे शाळा बंद अथवा एकत्रित करताना भाषिक समाजावरील परिणाम तपासण्याची अट या अनुच्छेदात नाही. वेल्समध्ये मात्र शाळांच्या पुनर्रचनेपूर्वी वेल्श भाषेवरील संभाव्य परिणाम विचारात घ्यावा लागतो.